नाक पुढे, मग उठा

आमच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत भाड्याने राहणारी मृदुला स्वतःचे हात ओढणीने पाठीमागे बांधून घेते. गाठ शोभा मारून देते. शोभा म्हणजे माझी बायको. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दोघींचंही काही खरं नाही.

मृदुला सांगलीची. इथे परदेशात फिजिओथेरपीचं मास्टर्स करते. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. चहा उभ्याने, अभ्यास येरझाऱ्या घालत. माझा सोफ्यावरून उठण्याचा कार्यक्रम जरा मोठा असतो. गुडघा, काय करणार. मी कण्हलो की ही हजर. "काका, नाक पुढे. पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे. मग उठा." ऑफिसात साहेबसुद्धा मला इतक्या सूचना देत नाही.

पण तिची गोची वेगळीच होती. प्रात्यक्षिक परीक्षेत ती नापास झाली होती. पेशंट एक चिनी आजोबा. त्यांनी खुर्चीतून आपलं आपण उठायचं, हिने नुसतं जवळ राहायचं. आजोबा जरा कण्हले आणि हिने दंडाला धरून त्यांना उभंच केलं. आजोबा खूश, परीक्षक नाराज.

"म्हातारं माणूस उठताना दिसलं की हात पुढे जातोच हो, काका."

जाणारच. आपल्याकडे नाही गेला तर लोक आईबापांचे संस्कार काढतात. पण पुन्हा नापास झाली तर कोर्समधून नाव कटणार होतं. म्हणून ओढणी. आणि सरावाला मी.

पंधरा दिवस मी सोफ्यावरून उठत होतो. "जरा धर की गं," मी वैतागून म्हणायचो. "मी इथेच आहे, काका. घाई नाही," असं म्हणत तीच जागच्या जागी चुळबुळायची. या नादात माझा गुडघा सुधारला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मृदुला पास झाली. शोभाने शिरा केला. मला वाटलं, सुटलो.

रविवारी सकाळी तिच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर फोन, फोनमध्ये खुर्चीत बसलेले तिचे वडील. त्यांना मागे अर्धांगवायूचा झटका आला होता. "आई, धरू नकोस, जवळ राहा फक्त. बाबा, नाक पुढे. घाई नाही."

ते थरथरत उठले. उभे राहिले.

ओढणी पलंगावर पडली होती. मृदुलाचे दोन्ही हात फोनच्या दिशेने पुढे गेले होते, दंड धरायला.

फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आजारपणात सहा महिने मीच उचलायचे त्यांना, काका. मी इकडे आले आणि ते बसूनच राहिले."

मला फार वाईट वाटलं. सोफ्यावर जाऊन बसलो आणि मुद्दाम मोठ्याने कण्हलो.

ती आली. दंडाला धरून तिने मला उभं केलं. नाक कुठे आहे, ते विचारलं नाही.