तात्या आणि जयगडची होडी

आमचे तात्याकाका दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेव्हीत होते आणि होडीत पाय ठेवत नसत. रत्नागिरीहून हेदवीला आत्याकडे जायचं तर सगळे जयगडला जातात, होडीने खाडी ओलांडतात आणि पलीकडे तवसाळला दुसरी एस.टी. धरतात. तात्या चिपळूणवरून वळसा घालून दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत.

कारण दर वेळी नवं. कधी "होडीवाल्याला शिस्त नाही", कधी "मला बोट लागते." अख्खी लढाई बोटीवर काढलेल्या माणसाला! फार खोदलं की म्हणत, "समुद्राशी आमचं बोलणं बंद आहे." घरात नुकताच टीव्ही आला होता, त्यात जहाज दिसलं तरी तोंड फिरवत.

आईचं ठाम मत, तात्या बोटीवर गेलेच नव्हते, मुंबईला गोदीत पिठाची पोती सांभाळत होते. बाबा म्हणत, "मग झोपेत इंग्रजीत का ओरडतो तो?" माझा आळीपाळीने दोघांवरही विश्वास बसे.

एकदा तात्यांना निरोप आला, आत्याचं काही खरं नाही, तुमची आठवण काढतेय. चिपळूणची गाडी निघून गेली होती. तात्यांनी पिशवी उचलली. "चल जयगडला."

होडीत त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली. समोरची कोळीण हसली, "आजोबा पयल्यांदाच बसलेत काय?"

"नेव्हीत होते," मी म्हणालो. मलाच ते खोटं वाटलं.

तवसाळला सगळे उतरले. तात्या उठेनात.

"खाली कोण राह्यलं नाही ना?"

"तात्या, होडीला खाली काय असणार?"

"बघ तरी."

होडीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी मुकाट्याने फळ्यांखाली वाकून पाहिलं. "कोणी नाही." मग ते उतरले.

वाळूतून चालताना आपणहून म्हणाले, "राजापूरचा गणू खाली इंजिनात होता. मी वर. बोटीला सुरुंग लागला. मी हाक मारली नि उडी टाकली. तो आला की नाही, बघितलंच नाही."

मी "ऊन फार आहे," असं काहीतरी भलतंच बोललो.

आत्या त्याच आठवड्यात गेली. तोवर तात्या तिच्या खाटेपासून हलले नाहीत. जेवायला हाक मारली की म्हणत, "तुम्ही घ्या जेवून. मी आहे इथे."