पाठ आठवा : ढग

"या वेळी असा पाठ लिहितो ना ताई, की हरकत घ्यायला आलेला माणूस हरकत विसरून घरी जाईल!"

हे वाक्य पाठलेखकाने बहिणीच्या स्वयंपाकघरात, एका हातात ओलं पातेलं आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन, जाहीर सभेत बोलावं तसं म्हटलं. ताईने मान वर न करता विचारलं, "आधी ते पातेलं पुसून होईल का?"

पाठलेखक सरकारी शाळांची पुस्तकं तयार करणाऱ्या कार्यालयात नोकरीला होता. तीन वर्षांत त्याने अकरा पाठ लिहिले होते आणि त्यांतला एकही पुस्तकात पोचला नव्हता. कारण प्रत्येक पाठ एका समितीसमोर जायचा आणि समितीत दोन माणसं बसायची. एक मंत्र्यांच्या पक्षाचे निरीक्षक, दुसरे धर्मसभेचे आजोबा. मागच्या साली त्याने एका राजावर पाठ लिहिला. पहिल्या तपासणीत राजा लढाई जिंकला, दुसऱ्या तपासणीत लढाई बरोबरीत सुटली आणि तिसऱ्या तपासणीनंतर राजा त्या दिवशी घरीच होता असं ठरलं. मग तो गणिताकडे वळला. टोपलीत पाच हिरवी सफरचंदं आणि तीन लाल सफरचंदं! निरीक्षकांनी विचारलं, "हिरवी जास्त का?" आजोबांनी विचारलं, "टोपली कोणी दिली?" गणित तिथेच संपलं.

"पण ढगावर कोण काय बोलणार?" पाठलेखक म्हणाला. "ढग! पांढरा, मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

टेबलाखाली बसून बुटाची नाडी बांधणारी भाची बाहेर आली. ती तिसरीत होती आणि तिने हा बेत आधीच वर्गात जाहीर करून टाकला होता.

"मामा, मी बाईंना सांगितलंय, आठवा पाठ माझ्या मामाचा आहे. बाई म्हणाल्या, मग आपण आठव्यापासूनच सुरुवात करू."

"अगं, अजून मंजूर नाही झाला!"

"मग करून आण ना," भाची म्हणाली. "तू मागच्या वर्षीपण असंच म्हणालास. सगळी मुलं मला विचारतात, तुझा मामा खराच आहे का?"

हा प्रश्न पाठलेखकाच्या छातीत कुसळासारखा रुतला. त्या रात्री त्याने झोपेतसुद्धा ढगच पाहिले. एक ढग तर त्याच्याकडे येऊन म्हणाला, माझ्याबद्दल थोडं बरं लिहा. पाठलेखकाने झोपेतच होकार दिला.

समितीची बैठक तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत व्हायची. तिथे एक लांब टेबल होतं, त्यावर हिरवं कापड, कापडावर चहाच्या कपांनी पाडलेली वर्तुळं आणि समोर भिंतभर खिडकी. खिडकीत त्या दिवशी कापूस पिंजून ठेवल्यासारखं आभाळ होतं. पाठलेखकाला वाटलं, वा! साक्षीदार वेळेवर हजर आहेत.

आता इथे कार्यालयाची एक पद्धत सांगायला हवी. हरकत असेल तर ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची. वाक्य बदलायचं असेल तरच नवं वाक्य मजकुराशेजारच्या समासात रंगीत पेन्सिलीने लिहायचं. निरीक्षकांची पेन्सिल हिरवी, आजोबांची लाल. मग ते कागद तळमजल्यावर जुळारीकाकांकडे जायचे. हे काका अक्षरजुळणी करत. फार वर्षांपूर्वी त्यांनी समासातलं एक वाक्य मनानेच गाळलं. ते नेमकं मंत्र्यांच्या मेहुण्याचं निघालं आणि काकांची बदली पृथ्वीगोलांच्या कोठारात झाली. दोन वर्षं ते पृथ्वीवरची धूळ पुसत होते! परत आल्यावर त्यांनी एकच नियम धरला. समासात रंगीत आहे ते छापायचं, काट मारलेलं गाळायचं आणि कुणाला काही विचारायचं नाही.

तर त्या दिवशी चिठ्ठ्या संपल्या होत्या. नव्या चिठ्ठ्या कपाटात, कपाटाची किल्ली भांडारपालाच्या खिशात आणि भांडारपाल मेहुणीच्या लग्नाला.

"मग बैठक पुढच्या महिन्यात घेऊ," कार्यालयाच्या संपादकबाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात! तोवर पुस्तक छापून झालं असतं आणि आठव्या जागी मागच्या सालचा 'आपले दात' हा पाठ पुन्हा गेला असता. पाठलेखक ताडकन उभा राहिला.

"चिठ्ठ्या कशाला हव्यात? समासातच लिहा की! केवढा मोकळा आहे!"

आयुष्यात काही वाक्यं परत गिळता आली तर माणूस किती निरोगी राहील.

वाचन सुरू झालं. "ढग म्हणजे फक्त पाण्याचे बारीक थेंब."

"फक्त?" आजोबांचे मिटलेले डोळे उघडले. "एवढं अथांग आभाळ, त्यात एवढे मोठाले ढग आणि आम्ही मुलांना सांगायचं, फक्त?" लाल काट बसली आणि शेजारी लाल प्रश्न उमटला.

"ढगाला स्वतःचा आकार नसतो. वारा नेईल तिकडे तो जातो."

निरीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. मंत्रिमहोदय तोवर चार पक्ष फिरून आले होते.

"हे कोणाविषयी आहे?"

"ढगाविषयी, साहेब."

"असं सगळेच म्हणतात. नाव सांगा!"

"ढगाचं नाव?"

"भोळेपणाचा आव आणू नका!" हिरवी काट बसली.

पुढचं वाक्य होतं, "उन्हाने पाण्याची वाफ होऊन ती वर जाते आणि वाफेचा ढग होतो." आजोबांनी पहिला अर्धा भाग खोडला, कारण आपणहून वर जाणं त्यांना पटेना. निरीक्षकांनी दुसरा अर्धा खोडला, कारण एवढी वाफ एकत्र जमते म्हणजे परवानगी घेतलेली असली पाहिजे. मधला 'आणि' दोघांच्याही हद्दीबाहेर होता. तो राहिला.

शेवटचं वाक्य पाठलेखकाचं सगळ्यांत लाडकं होतं. "ढग सर्वांवर सारखाच बरसतो." त्यावर तर दोघेही तुटून पडले. लाल हात हिरव्या हातावर आपटला. शेजारच्या चौकटीत चित्रकाराने काढलेला ढगसुद्धा सुटला नाही. तो तिरका धरून पाहिला तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो आणि फ्लॉवर ही विरोधकांची निशाणी! ढग गेला, चौकट उरली.

मग दोघांनाही सुस्ती आली. खिडकीतून गार झुळूक येत होती. निरीक्षकांनी समोरच्या चहात बोट बुडवून पाहिलं आणि हातात पेन्सिल होतीच म्हणून समासाच्या तळाशी काहीतरी खरडलं. आजोबा आभाळाकडे बघत अर्धवट झोपेत लाल पेन्सिल हळूहळू फिरवत राहिले. आणि पाठलेखक? त्याने संपादकबाईंच्या हातात कागद देताना आणि आठ दिवसांनी अंतिम प्रतीवर सही करताना एकदाही खाली पाहिलं नाही. त्याला खिडकीत भाचीचा वर्ग दिसत होता. मुलं हात वर करून विचारत होती, हा पाठ कोणाच्या मामाचा? आणि ढग एका सुरात म्हणत होते, हिच्या!

सहीसाठी लागलेला वेळ, दोन सेकंद.

पुस्तक छापून आलं. पाठलेखकाने ताज्या शाईचा वास घेत, डोळे मिटून, आठवा पाठ उघडला. मग डोळे उघडले. मग पुन्हा मिटले, पण तेवढ्याने काही होईना. पानावर, सुबक मोठ्या अक्षरांत, असं छापलं होतं :

फक्त? कशावरून?
हे कोणाविषयी आहे? नाव सांगा.
वर कोणी बोलावले?
आणि
कोणाच्या परवानगीने?
सर्वांवर? वाईट माणसांवरसुद्धा?
आमच्या भागात तर नाही. पाहिले आहे का?
चहातून वाफ का येत नाही?
लहानपणी मी एका ढगाला ओळखत असे. पुढे त्याचे काय झाले?

खाली रिकामी चौकट. संपला पाठ!

पाठलेखक जिना उतरत नव्हता, गडगडत होता. तळमजल्यावर जुळारीकाका शांतपणे चष्मा पुसत होते.

"काका, हे काय छापलंत?"

"समासात होतं ते."

"अहो, त्या हरकती होत्या!"

"असतील," काका म्हणाले. "मला वाटलं, नवी शिक्षणपद्धती आली."

"विचारायचं तरी!"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कोठारात आठशे पृथ्व्या आहेत. एकेक पुसायला अर्धा तास लागतो. मी विचारत नसतो."

संपादकबाईंना गाठावं, पुस्तकांच्या गाड्या अडवाव्यात, तर गाड्या परवाच सुटलेल्या! एकच गोष्ट हातात होती. भाचीच्या शाळेत जायचं, तिच्या बाईंच्या पाया पडायचं आणि मुलांनी पान उघडायच्या आत 'आपले दात' शिकवायला लावायचं. वर्गाने भाचीला हसण्यापेक्षा दात परवडले.

तो शाळेत पोचला तेव्हा वर्ग रिकामा होता. बाकांवर दप्तरं, फळ्यावर 'पाठ आठवा', माणूस एक नाही. मुलांना हाकलून दिलं? शाळा बंद केली? तो मागच्या दाराने मैदानात धावला.

मैदानावर चाळीस मुलं उताणी पडली होती. मधे भाची, कडेला बाईसुद्धा, डोक्याखाली हजेरीपट घेऊन. सगळे आभाळाकडे बघत होते. इतकी शांतता होती, की ढग सरकल्याचा आवाज येईल असं वाटावं.

"बाई," पाठलेखक कुजबुजला, "मी हिचा मामा. तो पाठ..."

"आडवे व्हा," बाई म्हणाल्या. "उभ्याने नाही जमत. अठरा वर्षं शिकवतेय, पहिल्यांदा असा पाठ आला, की ज्यात उत्तरंच दिलेली नाहीत! पहिला प्रश्न वाचला, 'फक्त? कशावरून?' आणि सगळी मुलं बाहेर पळाली."

पाठलेखक आडवा झाला. गवत गार होतं. शेजारी एक मुलगी सांगत होती, "आमच्याकडे चहातून वाफ येते. थंड झाला की येत नाही. म्हणजे वाफेला ऊन लागतं!"

"मग वर कोणी बोलावलं?" दुसऱ्याने विचारलं.

"कोणी नाही. हलकी झाली, गेली."

पाठलेखक अर्धवट उठून बसला. हे तर त्याचंच वाक्य, खोडलेलं, आणि ते एका मुलीच्या तोंडून आपणहून वर आलं होतं!

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. एकमेकांचं तोंड न पाहणारे निरीक्षक आणि आजोबा आज एकाच गाडीतून आले होते. रागाने माणसं अशी जवळ येतात.

"कुठे आहे तो लेखक?" निरीक्षक गरजले. "पुस्तकाची ही थट्टा कोणी केली?"

"शू!" चाळीस मुलं एकदम म्हणाली. "ससा पळेल!"

निरीक्षकांनी नकळत वर पाहिलं. भाचीने बोट दाखवलं. "तो बघा. आधी ससा होता, मग बूट झाला, मग टोपी, मग पुन्हा ससा, आता बदक होतोय. पुस्तकात विचारलंय, हे कोणाविषयी आहे, नाव सांगा. आम्हाला नाव सापडत नाहीये. तुम्हाला येतं?"

"चार वेळा बदलला?" निरीक्षक ढगावर नजर रोखून म्हणाले. "मग हे तर आमचे मंत्रिम..."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पुढचा अर्धा तास त्यांनी ते काढले नाहीत.

आजोबा मात्र पुस्तक हातात घेऊन शेवटच्या ओळीपाशी अडकले होते. "हे कोणी लिहिलं?" ते हळूच म्हणाले. "'लहानपणी मी एका ढगाला ओळखत असे...'"

"आम्हाला माहीत नाही," भाची म्हणाली. "पण उत्तर आम्ही काढलंय. पुढे तो बरसला. मग ओढ्यात गेला, मग नदीत, मग तापून परत वर. तो परत आला असणार, आजोबा. ज्याने लिहिलंय त्याने ओळखला नसेल."

आजोबांनी चपला काढून शेजारीशेजारी ठेवल्या, काठी गवतावर ठेवली आणि मोठ्या कष्टाने पाठ टेकली. बराच वेळ ते एकाच ढगाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे ओले होते. ऊन लागलं असेल.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. झालं, पण कार्यालयाच्या पद्धतीने! पुढच्या बैठकीत (चिठ्ठ्या आल्या होत्या) आठव्या पाठावर एकही हरकत निघाली नाही. निघणार कशी? अक्षर दोघांचं, पेन्सिली दोघांच्या! उलट पाठ राज्यभर गाजतोय म्हटल्यावर दुसऱ्या आवृत्तीत पाठाखाली दोघांची नावं लेखक म्हणून घालायचं ठरलं. मोठ्या ठशात. जुळारीकाकांनी न विचारता घातली. पाठलेखकाचं नाव मात्र कोणी समासात लिहिलं नव्हतं, त्यामुळे ते आलं नाही.

ती आवृत्ती घेऊन पाठलेखक ताईकडे गेला. भाचीने पान उघडलं, खालची नावं वाचली, मामाकडे पाहिलं आणि पुन्हा नावं वाचली.

"मामा, यातलं तू लिहिलेलं कुठंय?"

पाठलेखकाने पानावरून बोट फिरवलं. वरून खाली गेलं, खालून वर आलं. शीर्षक अभ्यासक्रमातून आलेलं, चौकट चित्रकाराची, प्रश्न त्या दोघांचे. अखेर बोट चौथ्या ओळीवर येऊन थांबलं.

"हे."

"'आणि'?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

भाचीने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. तो शब्द तिने नीट, सावकाश, बाईंसारखी मान तिरकी करून तपासला. पाठलेखकाने श्वास रोखून धरला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक नाहीये एकपण."

तीन वर्षांत त्याचं लेखन पहिल्यांदाच हरकतीशिवाय मंजूर झालं होतं. त्या आनंदात त्याने ताईची सगळी पातेली पुसली.