उभ्या गाडीचे शंभर गुण

सदर गाडी लाल होती, दोन दारांची होती, नऊ वर्षांची होती आणि तिचा आधीचा मालक दातांचा डॉक्टर होता. हा गृहस्थ दर रविवारी तिला धुवायचा, पुसायचा, दवाखान्यापर्यंत न्यायचा आणि परत आणून झाकून ठेवायचा. एकदा उतरताना त्याची कंबर जी धरली ती सुटेना, तेव्हा त्याने गाडी विकायला काढली. इंजिन मात्र असं की किल्ली फिरवली की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या थरथरायच्या. वेगाच्या तबकडीवर आकडे दोनशे ऐंशीपर्यंत होते. डॉक्टरांच्या हातून सुई कधी साठाच्या पुढे गेलीच नव्हती, त्यामुळे पुढचे सगळे आकडे कोरे करकरीत राहिले होते.

ती विकत घेणारे चिरंजीव बावीस वर्षांचे. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, कडा गोल करायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्यांचं काम. एक केसभर इकडेतिकडे झालं तर गिऱ्हाईकाला पायरी दोन इंच वर दिसते, त्यामुळे स्वभावही तसाच जपून. अशा मुलाने अशी गाडी घेतली म्हटल्यावर लोक म्हणाले, गेलं पोरगं हाताबाहेर. म्हणेनात का! लोकांना कुठे ठाऊक होतं की गाडी आजोबांसाठी घेतलीय.

आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांनी छत्तीस वर्षं बस चालवली, आणि तिला कधी ओरखडाही येऊ दिला नाही. त्या बसच्या इंजिनाला वेगाचं कुलूप होतं. पाय पार फळीला टेकवला तरी सुई पन्नासावर येऊन बसायची, ती बसायचीच. सायकली सोडल्या तर सगळं जग छत्तीस वर्षं त्यांच्या उजव्या बाजूने पुढे निघून गेलं. आता दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. उजवा गेल्यातच जमा होता, आणि डाव्याची डोळ्यांच्या डॉक्टरांनी जेमतेम दोन वर्षांची हमी दिली होती. त्यावर आजोबा रडले नाहीत की चिडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "एकदा सुई शंभराच्या पुढे गेलेली बघायची आहे. डोळे आहेत तोवर."

आता यात अवघड ते काय? शहराबाहेर एकशे वीसची परवानगी असलेला सरळसोट रस्ता होता. गाडी होती. लायसन्सवाला नातू होता. राहता राहिला विमा. विम्याशिवाय गाडी डॉक्टरांच्या आवारातून हलवायची नाही, हा कायदा. आणि बिनविम्याच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, हा आजोबांचा.

विमा कार्यालयात चिरंजीवांनी टोकन घेतलं, दोन तास खुर्ची गरम केली आणि काचेपलीकडच्या बाईंसमोर कागद सरकवले. बाई मायाळू होत्या. त्यांनी वय विचारलं, गाडीचा रंग विचारला, इंजिनाचा आकार विचारला, आणि पडद्यावर आलेला आकडा बघून त्यांनी आधी चिरंजीवांना पाणी दिलं. वर्षभराच्या विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीहून जास्त होता.

चिरंजीवांनी विचारलं, गाडीपेक्षा विमा महाग कसा काय? बाईंनी समजावून सांगितलं की गाडी जुनी आहे, तिचा धोका आम्हाला समजतो. पण तुम्ही अजून बरेच दिवस तरुण राहणार आहात. हप्ता कमी व्हायचा तर अनुभव हवा. अनुभव म्हणजे काय, तर नुकसानभरपाईचा एकही दावा न करता गेलेली वर्षं. अशी वर्षं चिरंजीवांच्या नावावर शून्य होती.

"पण गाडी चालवल्याशिवाय अनुभव येणार कसा?"

"न चालवताच अनुभव घेतलेला बरा," बाई म्हणाल्या. "आमचा सल्ला तोच असतो."

घरी आल्यावर आईने डोकं चालवलं. गाडीचा मुख्य चालक म्हणून माझ्या बाबांचं नाव घाला, ती म्हणाली, छत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही, आणखी काय हवंय त्यांना? दुसऱ्या दिवशी तिघंही जाऊन बसले. पडद्यावर छत्तीस हा आकडा उमटला तसे बाईंचे डोळे पाणावले. एवढा अनुभव असलेला माणूस त्यांनी आजवर फक्त प्रशिक्षणाच्या पुस्तकात बघितला होता. हप्ता धाडकन खाली आला.

पण आजोबा पडले सरळमार्गी. ते पुढे वाकून म्हणाले, "बाई, एक सांगतो. मला उजव्या डोळ्याने दिसत नाही."

बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत बघितला. "त्याचा रकाना नाही, आजोबा."

"डाव्याने निम्मंच दिसतं."

"त्याचाही नाही. चष्मा आहे का, एवढंच विचारलंय. आहे ना? झालं तर मग."

अशा रीतीने ज्याला दिसत नव्हतं त्याला गाडी चालवायची पूर्ण मुभा मिळाली, आणि ज्याला दिसत होतं त्याने चाकाला हात लावायचा नव्हता. आजोबांनी मी काही ही गाडी चालवणार नाही असं निक्षून सांगितलं, तेव्हा बाईंना वाईट वाटलं. त्यांनी खण उघडून एक तोडगा काढला. चिरंजीवांना 'सहचालक (निरीक्षणाधीन)' म्हणून घेता येईल. अट एकच, गाडीत कंपनीची काळी डबी बसवायची. डबी वेग मोजते, ब्रेक मोजते, वळणं मोजते आणि शंभरापैकी गुण देते. सलग दोन वर्षं नव्वदच्या वर गुण राहिले की निरीक्षण संपलं, मग कायद्यात बसेल त्या वेगाने खुशाल जा. तोवर मात्र साठाच्या पुढे जायचं नाही, आणि गुण साठाखाली आले तर विमा रद्द. आजोबांचा डावा डोळा दोन वर्षांचा होता, निरीक्षणही दोन वर्षांचं. बसतंय बरोबर, असं म्हणून चिरंजीवांनी सही केली.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या आवारातून घरापर्यंत गाडी आणायची होती. जेमतेम सात किलोमीटर. वाटेत मांजर आडवं आलं, ब्रेक दाबला, अकरा गुण गेले. चौकात डावीकडे वळले, सहा गुण गेले. मागून रुग्णवाहिका आली म्हणून झटकन बाजूला घेतली, त्याचे नऊ. इमारतीखाली गाडी मागे घेऊन लावली, तर डबी टुणटुण वाजायलाच लागली आणि फोनवर संदेश आला: "आपले वर्तन चिंताजनक आहे. आपण उलट दिशेने प्रवास करत आहात." उरले एकसष्ट गुण. चिरंजीवांना घाम फुटला. आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की तू मांजर वाचवलंस, मी असतो तर हेच केलं असतं. चिरंजीव म्हणाले, आजोबा, मग तुमचेही अकरा गुण गेले असते.

भीतीपोटी चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावला नाही, आणि बासष्ट गुण झाले. तिसऱ्या दिवशी त्रेसष्ट. महिनाभर गाडी हलली नाही, एक्क्याण्णव. काही बिघाड असेल म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, बिघाड कसला? उभी असलेली गाडी फार कमी वेळा धडकते, असं आमच्या आकडेवारीत आढळून आलंय. दोन वर्षांची मोजणी आजपासून सुरू करते, असंच चालू ठेवा.

चिरंजीव कामाला लागले. रोज संध्याकाळी दुकानातून आले की ते आणि आजोबा खाली जाऊन गाडीत बसायचे. किल्ली लावायची नाही. आजोबा डोळे मिटून सांगायचे, आता घाट लागला, दुसऱ्यात घे, आता उतार आहे, पाय काढ. चिरंजीव गिअरवर नुसता हात ठेवायचे, कारण खरोखर टाकला तर डबी वाजायची. येणारेजाणारे थांबून बघायचे. आई वरून चहा आणून काचेतून आत द्यायची आणि म्हणायची, कुठवर पोहोचलात? या प्रवासात डावा डोळा मात्र रोज थोडाथोडा पुढे चालला होता. आजोबा दर पहिल्या तारखेला सुईकडे बोट दाखवून सांगायचे, दिसतेय. मग सांगू लागले, दिसतेय बहुतेक.

वर्ष सरलं तेव्हा कंपनीने अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि सोबत एक विशेष योजना. गाडीची चाकं काढून घरात ठेवल्यास निरीक्षणाचा काळ तीन महिन्यांनी कमी. आता नाही कोण म्हणणार? तीन महिने म्हणजे डाव्या डोळ्यातले तीन महिने. गाडी विटांवर चढली आणि चारही चाकं आईच्या पलंगाखाली गेली. खोलीभर रबराचा वास सुटला. निरीक्षकाने येऊन पलंगाखाली टॉर्च मारला, चाकं मोजली आणि शेऱ्यात लिहिलं: "चालकाची प्रगती उत्तम. वळणांवर पूर्ण नियंत्रण."

एकवीस महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. सोनेरी किनार, वर चिरंजीवांचं नाव, खाली 'सुवर्ण चालक', शंभरापैकी शंभर. बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं की कार्यालयाच्या भिंतीवर तुमचा फोटो लावतोय. त्याच रविवारी सकाळी चाकं पलंगाखालून निघाली. आजोबांनी निवृत्तीच्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट घातला. ते गाडीत बसले, तबकडीवर वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत वाकले, आणि मागे होऊन पट्टा लावला. चिरंजीव काचा घासणारे. माणूस वाकला की त्याला किती दिसतंय हे त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी गाडी सुरू केली.

सरळसोट रस्ता लागला. समोर एकशे वीसची पाटी, रस्ता मोकळा, इंजिन गुरगुरतंय. चिरंजीवांनी पाय दाबायला घेतला आणि पाय दाबेचना. एकवीस महिने तो पाय नुसता ठेवलेला होता. एक पान उडत आलं, त्यांनी ब्रेकवर पाय नेला. पुढे वळण दिसलं, ते चांगलं अर्ध्या कोसावर होतं, तरी तळव्यांना घाम सुटला. आधी एक मोटार पुढे गेली, मग एक ट्रॅक्टर. सुई चाळिसावर थरथरत होती.

"किती झाली रे सुई?" आजोबांनी विचारलं.

आयुष्यात ज्यांनी चष्म्याचा नंबर पावानेसुद्धा कधी चुकवला नव्हता, ते चिरंजीव म्हणाले, "एकशे वीस, आजोबा."

छत्तीस वर्षं ज्याने चाकाखालच्या रस्त्याचा आवाज ऐकला, त्याला वेग कळायला डोळे कशाला लागतात? आजोबांनी चाचपडत नातवाचा गिअरवरचा हात शोधला आणि त्यावर आपला ठेवला.

"एकशे वीस का? छान. मग आता त्या मागच्या ट्रकवाल्याला पुढे जाऊ दे. बिचारा केव्हाचा हॉर्न देतोय."

गाडीतच राहिलेल्या डबीने त्या फेरीलाही शंभरापैकी शंभर गुण दिले. एवढा निष्कलंक चालक वाया जाऊ देऊ नये म्हणून लायसन्स देणाऱ्या कार्यालयाने चिरंजीवांना परीक्षक नेमलं. तिथे ते दर शनिवारी उमेदवारांच्या शेजारी बसतात. पट्टा लावला, आरसा नीट केला, गाडी चार पावलं पुढे आणि चार पावलं मागे गेली, की ते सही करतात. मागे जायचे गुण ते कापत नाहीत, एवढी माणुसकी त्यांनी शाबूत ठेवली आहे.

तुम्हाला हसू येतंय ना? जरूर हसा. फक्त हसता हसता खिशातलं आपलं लायसन्स बाहेर काढा, त्यावरची सही वाचता येतेय का बघा, आणि खरंखरं सांगा: ते मिळालं त्या दिवशी तुम्ही गाडी किती चालवली होती?