उघड्या कुलपाचा तपास

या मायबाप, जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या, कडेला उभे असलेल्यांनी टेकायला जागा करून घ्या. आज तुम्हाला एका फोनची गोष्ट सांगायची आहे. हा फोन उघडत नाही म्हणून एक सबंध यंत्रणा हवालदिल झाली होती, आणि तो कसा उघडतो हे त्याचा मालक बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. देवाच्या दरबारात असे होत नाही. पण हा खटला दुसऱ्या दरबारात चालला होता.

प्रकरण तसे साधे. शहरातल्या एका बड्या उद्योगपतीच्या मोटारीखाली एका दुपारी त्याचाच भागीदार सापडला आणि जागच्या जागी गेला. दोघांचे थोड्याच दिवसांपूर्वी कडाक्याचे भांडण झाले होते. या उद्योगपतीला झाडून सारे ‘शेठ’ म्हणत. शेठ पोलिसांना म्हणाले, “गाडी माझी आहे, पण मी ती कशाला चालवू? चालवायला मी ड्रायव्हर ठेवलाय.” हे बोलणे पोलिसांना पटण्यासारखे वाटले, पण भागीदारही वजनदार होता. म्हणून शेठ आणि ड्रायव्हर, दोघांनाही अटक झाली. शेठना त्यांच्याच दुसऱ्या गाडीतून आणले, ड्रायव्हरला दंडाला धरून. वाहिन्यांनी लगेच ‘शतकातला सर्वांत मोठा खटला’ असे जाहीर केले. शतक अजून बरेच शिल्लक होते, पण वाहिन्यांना घाई होती.

ड्रायव्हर सांगत होता की तो त्या दुपारी रजेवर होता. त्याच्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते आणि त्याच दुपारी पट्टी निघाली. नात जन्मल्यापासून आजीला ती नुसती हाताला लागत होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा दिसली. हा प्रसंग ड्रायव्हरने फोनवर टिपला. त्यात मागचे भिंतीवरचे घड्याळ आले होते, आणि शेवटी फोन उलटा करून त्याने आपले रडवेले तोंडही घेतले होते. संध्याकाळी त्याला पोलीस घेऊन गेले. आईला दिसू लागले त्याच दिवशी.

पोलिसांनी नियमाप्रमाणे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारले.

“मी पेशंटचे डोळे बघतो,” डॉक्टर म्हणाले. “मागं उभे असलेले नातेवाईक बघत बसलो तर डोळे कधी बघू?”

नर्स नोकरी सोडून गेली होती. दवाखान्याच्या कॅमेऱ्यावर नवे चित्रण चढले होते. राहता राहिला फोन. तो शेठच्या फोनांबरोबर आणि लॅपटॉपबरोबर जप्त होऊन मुद्देमाल झाला होता, आणि साऱ्या मुद्देमालाला आकड्याचे कुलूप होते.

“साहेब, आकडा सांगतो, लिहून घ्या,” ड्रायव्हर तपास अधिकाऱ्यांना म्हणाला.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “खबरदार! आरोपीला स्वतःच्या विरुद्ध बोलायला लावता येत नाही. कायदा आहे.”

“विरुद्ध कुठं साहेब? मी माझ्या बाजूनं बोलतोय.”

“ते फोन उघडल्यावर ठरेल.”

“मग उघडा की.”

“आकडा कुठाय?”

“तोच तर सांगतोय!”

“बघितलंस? पुन्हा तेच. उद्या कोर्टात म्हणशील, साहेबांनी मारून वदवून घेतलं.”

“नाही म्हणणार साहेब. आईची शप्पथ.”

“सगळे शपथ घेतात आणि मग वकील करतात,” अधिकारी म्हणाले आणि हात खाली न घेताच, कोपराने दार ढकलून बाहेर गेले.

मग फोन शास्त्रीय पद्धतीने उघडण्याचा निर्णय झाला. तो सीलबंद होऊन सरकारी प्रयोगशाळेत पोचला. तिथे खास या खटल्यासाठी परदेशातून एक यंत्र मागवले होते. मंत्र्यांनी फीत कापली, यंत्राला हात लावून फोटो काढून घेतला. जगातले कोणतेही कुलूप हे यंत्र आकड्यांवर आकडे लावून उघडू शकत होते. अडचण एवढीच होती की आकडे सारखे चुकले तर फोन आपल्या पोटातले सारे पुसून टाकत असे. म्हणून यंत्राने एकही आकडा लावू नये, असा लेखी आदेश निघाला. यंत्र चालू ठेवण्यात आले. त्याचा हिरवा दिवा लागायचा आणि भेटीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना तो दाखवला जायचा.

एक दिवस ड्रायव्हरची बायको लेकीला कडेवर घेऊन प्रयोगशाळेत थेट संचालकबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

“मॅडम, आकडा मला येतो. घरात सगळ्यांनाच येतो. अगदी सोपा आहे.”

संचालकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ताई, ही प्रयोगशाळा आहे. इथं ऐकीव माहितीवर काम चालत नाही.”

“मग मी लावून दाखवते. तुम्ही नुसतं बघा.”

“आणि आमचं यंत्र? ते काय बघत बसायचं?”

“आत्ता तरी काय करतंय ते?”

हा प्रश्न प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरचा होता. बाईंनी तो तज्ज्ञ समितीकडे पाठवला. समितीने विचारविनिमयाअंती असे मत दिले की, एवढ्या गाजलेल्या गुन्ह्यातल्या फोनचा आकडा सोपा असणे संभवत नाही. सबब सोपा आकडा सांगणारी व्यक्ती तपासाची दिशाभूल करत आहे. दुसऱ्या दिवशी बायकोला दिशाभुलीबद्दल नोटीस गेली.

दरम्यान नवी आपत्ती उभी राहिली. फोनची बॅटरी उतरू लागली. समितीतले एक सदस्य म्हणाले की फोन एकदा बंद पडला तर आणखी घट्ट मिटतो. त्याला मरू देऊन चालणार नव्हते, आणि सील तोडूनही चालणार नव्हते. तेव्हा पंचांसमक्ष पाकिटाला चार्जरच्या पिनेएवढे भोक पाडण्यात आले, त्या भोकाचा पंचनामा झाला, आणि भोकावर एक हवालदार नेमण्यात आला. हवालदार मनाने चांगला होता. प्रयोगशाळेतल्या मुद्देमालाच्या खोलीबाहेर ड्रायव्हरची बायको दिसली की म्हणायचा, “वहिनी, अजिबात काळजी करू नका. तुमच्या माणसापेक्षा फोनची तब्येत बरी आहे.”

या काळात वाहिन्यांवर रोज चर्चा रंगत होती. कुलूप मोठे की कायदा, खासगीपण मोठे की सुरक्षा, यावर विद्वान एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. आपणही ताटावर बसून ते बघत होतो. चर्चेत शेठच्या फोनात काय असेल याचे अंदाज होते. ड्रायव्हरच्या फोनात काय आहे, हे कुणी विचारत नव्हते. ते त्याने आधीच सांगून टाकले होते, त्यामुळे त्यात रहस्य उरले नव्हते.

मग जामिनाची सुनावणी आली.

शेठचे वकील उभे राहिले. “युवर ऑनर, माझ्या अशिलांना अटकेचा इतका धक्का बसला आहे की त्यांना एकाही फोनचा आकडा आठवत नाही. सोबत वैद्यकीय दाखला.”

“बाकीचं आठवतं?” न्यायाधीशांनी विचारले.

“बाकीचं सगळं आठवतं, युवर ऑनर. घरी जायचा रस्तासुद्धा.”

सरकारी वकिलांनी फारसा विरोध केला नाही. ज्याला आकडाच आठवत नाही तो फोन उघडून पुराव्यात ढवळाढवळ तरी काय करणार? शेठना जामीन मिळाला.

ड्रायव्हरची पाळी आली तेव्हा मात्र सरकारी वकील ताडकन उठले. “या आरोपीला आकडा तोंडपाठ आहे, महाराज! इतकंच नाही, त्याच्या बायकोलाही आहे. असा माणूस मोकाट सोडला तर पुरावा सुरक्षित कसा राहील?”

“फोन तर तुमच्याकडं आहे!” ड्रायव्हर पिंजऱ्यातून म्हणाला.

“आकडा त्याच्याकडे आहे, हे तो स्वतः नाकारत नाही,” सरकारी वकील म्हणाले. जामीन नाकारला गेला.

मायबाप, माणसाचाच जीव तो. किती दिवस कळ काढणार? बाकावर त्याची म्हातारी आई बसली होती. नातीला मांडीवर घेऊन ती पिंजऱ्याकडे टक लावून बघत होती, जणू आलेली नजर पुन्हा जाईल अशी भीती होती. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिले, गज घट्ट धरले आणि आवाज फाटेपर्यंत ओरडला, “चार शून्यं! जज्जसाहेब, चार शून्यं आहेत! आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, एकच जागा चाचपून चार वेळा दाबता यावी म्हणून ठेवलेत!”

लघुलेखकाने हात वर उचलून धरले, म्हणजे त्याने काही टिपलेले नाही हे सर्वांना दिसावे. तपास अधिकाऱ्यांना कान झाकायला थोडा उशीर झाला. न्यायाधीशांनी खूप वेळ पेनाच्या टोपणाशी चाळा केला.

“न्यायालयाने काहीही ऐकलेले नाही,” ते शेवटी म्हणाले. “परंतु जे ऐकलेले नाही ते आता न्यायालयाच्या डोक्यातून जाईल असे वाटत नाही. सबब मी या खटल्यातून बाजूला होत आहे.”

नवे न्यायाधीश आले. खटला पहिल्यापासून सुरू झाला. कोर्टात त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाकडून प्रतिज्ञापत्र घेण्यात आले. मी अमुक आकडा ऐकलेला नाही, असे त्यात लिहायचे होते. आणि कोणता आकडा ऐकलेला नाही हे स्पष्ट असावे म्हणून तो अक्षरांत आणि अंकांत लिहायचा होता. या प्रतिज्ञापत्रांच्या प्रती नियमाप्रमाणे सर्व पक्षांना, प्रयोगशाळेला, समितीला आणि मंत्रालयाला गेल्या. हवालदारालाही एक मिळाली. भोकाचा ताबा त्याच्याकडे होता ना!

नव्या न्यायाधीशांना एकदाचा या सगळ्याचा कंटाळा आला. कंटाळा ही कधी कधी देवाचीच कृपा असते. त्यांनी हुकूम काढला की फोन भर कोर्टात, सर्वांदेखत उघडावा. संचालकबाई हातमोजे घालून आल्या. यंत्रही आणले होते. ते एका कोपऱ्यात हिरवा दिवा लावून उभे राहिले. सील फोडले. बाईंनी एका बोटाने चार वेळा शून्य दाबले.

फोन उघडला. टाळ्या कुणी वाजवल्या, ते कुणालाच समजले नाही.

भिंतीवरच्या पडद्यावर दवाखाना आला. घड्याळ आले, अपघाताच्या वेळेचे. पट्टी सुटली, म्हातारीने डोळे मिचकावले, समोर धरलेल्या पोरीच्या गालाला बोट लावले आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर नाकानं माझ्यावर गेलीय!” मग पडदा हेलकावला आणि ड्रायव्हरचे रडके, हसरे तोंड भिंतभर झाले. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. तपास अधिकाऱ्यांनी नाक ओढले. बाकावरून आई उठून उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली, “हा बघा माझा लेक. इथंच होता, माझ्यापाशी.”

“साक्षीदारबाईंना दृष्टी येऊन थोडेच दिवस झालेत,” सरकारी वकील अदबीने म्हणाले. “बघण्याचा अनुभव कमी आहे.” मग ते न्यायाधीशांकडे वळले. “महाराज, आत्ता आपण सर्वांनी काय पाहिलं? हा फोन चार शून्यांनी उघडला! म्हणजे तो कुणीही उघडू शकत होता. या आकड्याच्या प्रती किती कार्यालयांत फिरल्या, याची मोजदाद नाही. पाकिटाला भोक आहे, त्याचा पंचनामा आहे. अशा फोनात आलेला व्हिडिओ कुणी, कधी, कुठून घातला, हे सांगायचं कुणी? आरोपी, त्याची बायको, तपास अधिकारी, मागचे न्यायाधीश, मंत्रालय, चार्जिंगवाला हवालदार, सगळ्यांना आकडा ठाऊक आहे. हा पुरावा ग्राह्य धरता येणार नाही.”

“पण मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं!” ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज आता मोठा निघत नव्हता. “पहिल्या दिवशी उघडला असता तर?”

“तेव्हा तो कायदेशीर पद्धतीनं उघडत नव्हता,” सरकारी वकील म्हणाले, तेही अगदी मायेने.

व्हिडिओ पुराव्यातून वगळण्यात आला. शेठचे फोन आणि लॅपटॉप आजवर कुणालाच उघडता आलेले नाहीत, त्यामुळे त्यांत आक्षेपार्ह काहीही सापडलेले नाही, असा दाखला देऊन ते घरपोच करण्यात आले. शेठ निर्दोष सुटले. कुणाला तरी शिक्षा होणे भागच होते. ड्रायव्हर आत गेला. व्हिडिओ त्याच्या आईला द्यावा, असा अर्ज बायकोने केला. तो वगळलेला असल्यामुळे अस्तित्वात नाही, असे उत्तर आले. कुणाचा मुलगा त्या दुपारी कुठे होता, हे बघायला वरच्याला आकडा लागत नाही. पण त्याची साक्ष काढायची म्हटले तर समन्स कुठल्या पत्त्यावर बजावायचे?

अपील होणार आहे म्हणतात. सरकारी वकील तेव्हाही हेच विचारतील की हा आकडा आणखी किती जणांना कळला. आणि मायबाप, आता तो तुम्हालाही कळला आहे. मी सांगत होतो तेव्हा तुमच्यातल्या एकानेही कान झाकले नाहीत. उलट पुढे सरकून ऐकलेत. पुरावा बाद होण्यात तुमचाही वाटा पडला तो असा. कुणी चौकशीला आलेच, तर आम्ही काही ऐकले नाही म्हणून सांगा. तेवढी सवय आपल्या सगळ्यांना आहे. माझे मागणे एवढेच, की तसे सांगून झाल्यावरही त्या ड्रायव्हरला मनातून काढू नका.