खांबेट्यांच्या काचा

खांबेटे आमच्या घरी पहिल्यांदा आले ते कुंकू मागायला. दारात उभे, हातात छोटी बाटली आणि कपाळाला आठ्या. मला वाटलं, घरात काही पूजा असेल. तर म्हणाले, "तपासायचंय. ओलं नको, कोरडं द्या. आणि देव्हाऱ्यातलं नको, तुम्ही स्वतः लावता त्यातलं द्या."

बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत ते नुकतेच राहायला आले होते, आमच्या समोरच्याच दारी. मी चिमूटभर कुंकू बाटलीत टाकलं. आभार वगैरे न मानता ते आत गेले आणि दार लागलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले, तर जिन्यात थांबवून म्हणाले, "शिसं आहे. लावू नका."

"अहो, माझ्या माहेरच्या देवीचं आहे ते."

"मग देवीलाही लावू नका."

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. दिवसभर लोकांचं तिरकस बोलणं ऐकून कान पक्के झालेले. तरी हे बोलणं लागलं. टिकल्यांचं पाकीट मात्र त्याच संध्याकाळी आणलं.

खांबेटे भोसरीच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. मुलाम्याच्या पाण्यात निकेल किती, तांबं किती, नको ते लोखंड कुठून शिरलं, हे शोधण्यात त्यांची हयात गेली. मग बाजार खुला झाला. परदेशातून एक यंत्र आलं, ते बटण दाबलं की सगळे धातू कागदावर छापून द्यायचं. खांबेट्यांना शाल, श्रीफळ आणि स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातल्या 'स्वेच्छा' या शब्दावर ते फार वेळ हसायचे. ते हसणं ऐकवत नसे.

यंत्र कारखान्यात राहिलं आणि खांबेटे आपली विद्या घेऊन घरी आले. काचेच्या पट्टीवर ते पांढऱ्या पुडीचं पाणी घावनासारखं पातळ पसरायचे आणि वाळवायचे. खालच्या टोकाला तपासायच्या द्रावाचा टिंब द्यायचा आणि पट्टी बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाशी ॲसिटोन आणि ॲसिड. ते हळूहळू पट्टीवर चढायला लागतं आणि टिंबातल्या धातूंना बरोबर नेतं. निकेल आळशी, ते खालीच बसतं. तांबं पुढे जातं. लोखंड तर पार वरपर्यंत धावतं. पण दिसत काहीच नाही. मग अमोनियाची वाफ देऊन वरून औषध फवारलं की एकेक जण आपला रंग दाखवतो. निकेल गुलाबी, तांबं विटकरी, लोखंड निळंभोर.

"सगळं मिसळलेलं असतं, वहिनी," ते म्हणायचे. "वेगळं करून बघितल्याशिवाय बोलू नये."

त्यामुळे ते बोलायचेच कमी. मागायचे मात्र सगळ्यांकडे. कोणाकडे हळद, कोणाकडे नळाच्या तोंडाशी जमलेला गंज, कोणाकडे कल्हई उडालेलं पातेलं. निकाल दारातच सांगायचे. 'बसा' म्हटलं तर "वेळ नाही" म्हणून परत फिरायचे. निवृत्त माणसाला कसली घाई, ते कोणाला कळत नसे. घरात बायको आजारी असते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिला कोणी पाहिलं नव्हतं.

सोसायटीच्या सभेत त्यांनी निळा डाग पडलेली पट्टी आणली. बोअरच्या पाण्यात लोखंड आहे, टाकी बदला, असं त्यांचं म्हणणं. आमचे सेक्रेटरी भुतकर तळमजल्यावर कॉम्प्युटर क्लास चालवायचे. जगात जे काही कळण्यासारखं आहे ते स्क्रीनवर दिसतं, अशी त्यांची खात्री होती.

"अहो खांबेटे, लोह तब्येतीला चांगलं असतं."

"मग गेटचा गंज चाटा. पंपाचं बिल वाचेल."

सभा तिथेच संपली. टाकी आहे तीच राहिली. काही दिवसांनी फलकावर सूचना लागली: 'इमारतीत रासायनिक प्रयोग करू नयेत.' तिच्याखाली पेन्सिलीनं सुवाच्य अक्षरात उत्तर आलं: 'स्वयंपाक हाही रासायनिक प्रयोग आहे. तो कधीपासून बंद करायचा ते कळवावे.'

प्रकरण हाताबाहेर गेलं ते पैंजणांवरून. वरच्या मजल्यावर समीर आणि रश्मी राहायचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीची गाडी त्यांना न्यायला यायची तेव्हा अख्खी इमारत गॅलरीत असायची. त्यांच्या तान्ह्या मुलीला आजीनं चांदीचे पैंजण केले होते. खांबेट्यांनी ॲसिडात बुडवलेला कापसाचा बोळा त्यांवरून फिरवून नेला आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात जाहीर केलं, "चांदी वरवरची. आत तांबं आणि निकेल. पोरीच्या पायाला पुरळ येईल."

पुरळ पायाला आलं की नाही माहीत नाही, पण त्या घरात सासू-सून बोलेनाशा झाल्या. रश्मी कमिटीकडे गेली. "अंकल भांडणं लावतात, आणि तो अमोनियाचा स्मेल! घरात बाळ आहे आमच्या. इट्स नॉट सेफ!" तिचं वासाचं म्हणणं खोटं नव्हतं. जिन्यात कधीकधी डोळ्यांना पाणी यायचं. भुतकरांनी ठरवलं, की ऐकलं नाही तर पोलिसांत अर्ज द्यायचा. त्याआधी शेवटचं सांगून बघायला मला पाठवलं. "तुम्ही समोर राहता. शिवाय घरात बाईमाणूस आहे."

रविवारी दुपारी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

"कोण, वहिनी? हलू नका. चढतंय."

ते ओट्याशी वाकून बरणीकडे बघत होते. पट्टी बाहेर काढली, पुठ्ठ्यानं वारा घालून वाळवली, मागच्या गॅलरीत जाऊन फवारली आणि तशीच धरून लगबगीनं आतल्या खोलीत गेले. मी आहे हे विसरलेच. मी दारापर्यंत गेले.

खिडकीशी खाट होती. उशांना टेकवून बसवलेली एक बाई. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात चादरीवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडलेला. खांबेटे तिच्यासमोर पट्टी धरून बोलत होते. आणि काय बोलत होते!

"जोशीकाकूंचा तांब्या गं. रोज चिंचेनं घासतात तो. खळखळ ऐकू येते ना सकाळी? काका म्हणतात, एवढी माया माझ्यावर केली असती तर मीही चकाकलो असतो! तर काकू म्हणतात, तुम्हाला घासून काही निघायचं नाही." हे त्यांनी चक्क आमच्या इमारतीतल्या जोशीकाकूंच्या आवाजात म्हटलं. आम्हाला दोन वाक्यांच्या वर न मिळालेला माणूस. "बघ, बघ, रंग येतोय. काय आलं?"

बाईंनी फार प्रयत्नानं ओठ जुळवले. "तां… बं."

"शाब्बास!"

त्या हसल्या. अर्ध्या चेहऱ्यानंच. तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि डाव्या हातानं त्यांनी चादर तोंडावर ओढली.

खांबेट्यांनी मला स्वयंपाकघरात आणलं. रागावले नाहीत. पट्टीची कड पुसत बोलायला लागले.

"कुसुमला माणसं लागायची, वहिनी. जुन्या जागी आमचं दार कधी लागायचं नाही. कोणाचं डोहाळजेवण, कोणाचं भांडण, ही मधे. झटका आला, तोंड वाकडं झालं. आता म्हणते, कोणी मला बघायचं नाही. म्हणून जागा बदलली. माणसं आत आणता येत नाहीत. मग त्यांच्या घरातलं काहीतरी आणतो. रंग उमटेपर्यंत तिला त्या घराचं सांगतो. मग रंग येतो, तो ती ओळखते." मग पट्टी ओट्यावर ठेवून म्हणाले, "कमिटीनं पाठवलं ना तुम्हाला? बंद करा म्हणून?"

"हो."

"हिच्याबद्दल सांगू नका. कीव नको तिला."

मी भुतकरांना म्हटलं, पोलीस वगैरे काही करू नका. का, ते सांगितलं नाही. कारण नसलेलं म्हणणं कोण ऐकणार? शेवटी एवढंच झालं, की फवारणी गच्चीवर करायची. कमिटीला वाटलं, आपण फार उदार वागलो.

पण रंग मिनिटभरात उमटतो. गच्चीवरून खाली येईपर्यंत तो पूर्ण उमटलेला असायचा. त्यानंतर खांबेटे मला जिन्यात दिसायचे ते वर्तमानपत्राखाली पट्टी झाकून, कठड्याला हात न लावता भराभरा उतरताना. आपण तरी आधी बघू नये, तिच्याबरोबर बघावा, म्हणून. त्या वयात तो जिना तसा उतरणं बरं नव्हतं. मी एकदा म्हटलंही. "वेळ नाही," म्हणाले.

थंडीच्या सुरुवातीला कुसुमताई गेल्या. पहाटे बेल वाजली. खांबेटे म्हणाले, "वहिनी, आता लोकांना बोलवा. आता तिची हरकत नाही."

मी प्रत्येक मजल्यावर गेले. सगळे आले. त्या घरात त्यांच्यापैकी कोणी पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे दारात जरा घुटमळायचे. खांबेट्यांनी कुसुमताईंचे केस विंचरले होते, चांगलं पातळ नेसवलं होतं आणि तोंडाच्या वाकड्या बाजूवर पदर घेतला होता. स्वतः उशाशी बसले होते. कोणी आत आलं, की खाली वाकून सांगायचे, "कुसुम, भुतकर आलेत." "जोशीकाकू आल्यात गं, काकाही आहेत." आवाज अगदी रोजचा. ऐकणाऱ्याला वाटावं, दिवाळीच्या फराळाला बोलावलंय.

रश्मी बाळाला कडेवर घेऊन आली आणि भिंतीशी उभी राहिली. खांबेट्यांनी तिला खुणेनं पुढे बोलावलं. "ही रश्मी. आणि ही तिची छोटी." रश्मीला रडू आवरेना. भुतकरांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

खाली गाडी आली. पुरुष मंडळी पुढे झाली. खांबेट्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"अजून कोणी राहिलं का, वहिनी?"

"नाही."

ते तिच्या कानाशी वाकले.

"सगळे आले गं," म्हणाले.