मोजताना बोलायचं नाही

नलवडेकाकांच्या घरी चहा होत असताना कुणी बोलायचं नसतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ते ओट्यापाशी साखरेचा चमचा बोटानं सपाट करत होते आणि मी दिल्लीच्या हवेला शिव्या घालत होतो. काकांनी चमचा तसाच अधांतरी धरला आणि माझं बोलणं संपेपर्यंत वाट पाहिली. मग त्यातली साखर डब्यात परत टाकली आणि चमचा नव्यानं भरला.

"मोजताना बोलायचं नाही, दिनेशराव. माणूस गप्पांत असतो आणि हात दुसऱ्यांदा टाकून मोकळा होतो."

"काका, साखरच तर आहे!"

"हां, आता साखर आहे," ते म्हणाले.

काकांची उभी नोकरी फौजेच्या दारूगोळा डेपोत गेली. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याकडच्या आपल्या गावी जाऊन राहिले. पुढे काकू गेल्या. मुलगा विक्रम तेव्हा इथे नोएडात आयटीत होता. त्यानं आमच्या सोसायटीत, आमच्या समोरचाच फ्लॅट घेतला, वडिलांना आणलं आणि दोन वर्षांत स्वतः टेक्सासला गेला. आता गावी का जात नाही, असं कुणी विचारलं की काका म्हणतात, "पोराचं घर आहे. गार्ड ड्यूटी कुणी करायची?"

सोसायटीत त्यांना सगळे 'सूबेदार साहब' म्हणतात, आणि काही विकत घ्यायचं असेल तर त्यांना विचारू नका असं एकमेकांना बजावतात. कारण ते खरेदी होऊच देत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या खन्नाबाई एकदा मिक्सर कुठला घेऊ म्हणून विचारायला आल्या. काका म्हणाले, "पहले महीना भर हाथ से पीसिए. हाथ को पता तो चले, मशीन क्या करने वाली है." खन्नाबाई त्याच संध्याकाळी मिक्सर घेऊन आल्या. तेव्हापासून लिफ्टमध्ये नुसता नमस्कार करतात.

दर रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे येतात. फोनवर त्यांना बारीक दिसतं आणि आमचा टीव्ही भिंतभर आहे, म्हणून विक्रमचा व्हिडिओ कॉल आमच्या दिवाणखान्यात लागतो. पहिल्या वर्षी हा कॉल बघवत नसे.

"जेवलास का?"

"जेवलो आबा. तुम्ही?"

"झालं."

पुढे दोघंही गप्प. विक्रम घड्याळाकडे बघायचा, काका आमच्या पडद्यांकडे. माझी बायको मृणाल आतून पोहे परतत पुटपुटायची, "देवा, या दोघांना बोलायला काहीतरी दे रे." काही रविवारी तर विक्रमचा फोनच यायचा नाही, आणि काका पोहे खाऊन, शर्टाची घडी न मोडता परत जायचे. मला त्या दिवशी काहीही सुचायचं नाही.

देवानं ऐकलं, पण विषय दिला तो भलताच. विक्रमला तिकडे नेमबाजीचा नाद लागला. गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते, आणि तिच्यात नवी बारूद आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा वापरता येते. तिकडची माणसं हे काम घरच्या गॅरेजमध्ये करतात. आपल्याकडे परवान्याशिवाय असलं काही करायला गेलात तर पोलीस दारात उभे राहतील. तर त्या दिवाळीत विक्रमनं सहज विचारलं, "आबा, मला हे शिकायचंय. सुरुवातीला सामान काय घेऊ?"

काका खुर्चीत ताठ झाले. "खोलीत किती जण आहात?"

"मी एकटाच."

"दार लाव. आता बोल."

तो कॉल दुपारच्या जेवणापर्यंत चालला. पोह्यांची बशी तशीच निवून गेली. त्यानंतर विक्रमचा एकही रविवार चुकला नाही.

तो दर आठवड्याला नवं काहीतरी पडद्यावर दाखवायचा आणि काका ते नापास करायचे. एकदा त्यानं एक देखणं यंत्र दाखवलं. हँडल ओढलं की चकती फिरायची आणि एका दमात चार कामं व्हायची. काका म्हणाले, "नव्या माणसाला हे नको. एका वेळी एक पुंगळी, एक काम. दोनदा बारूद पडली ना एकीत, तर बंदूक हातात फुटते. पुंगळी परत भरता येते पोरा, बोटं नाही येत." बारूद तोलायचा, बॅटरीवर चालणारा काटा तर त्यांनी हातानंच उडवून लावला. "उपाशी असला की खोटं बोलणार तो. दांडीचा घे." आणि प्रत्येक कॉलच्या शेवटी एकच वाक्य: "शंका आली की ओतून द्यायचं. पुन्हा पहिल्यापासून."

हे सगळं परेडच्या आवाजात चालायचं. एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी वॉचमनला घेऊन दारात आले. "सुना है, आपके यहाँ बारूद की बात चल रही है?"

काका उठून उभे राहिले. "जी, बात ही चल रही है. बारूद नहीं है. बैठिए, पोहे लीजिए."

सेक्रेटरी बसले. पाऊण तास ऐकून गेले आणि जाताना म्हणाले, काटा दांडीचाच बरा.

होळीनंतर विक्रमचा मला मेसेज आला. 'दादा, सगळं सामान मी जानेवारीतच घेतलंय. आबांना प्लीज सांगू नका. ते इतकं मोकळं माझ्याशी कधीच बोलले नव्हते.' मी मृणालला दाखवला. तिनं वाचला आणि पदरानं डोळे टिपले. आम्ही तोंडाला कुलूप लावलं.

उन्हाळ्यात टेबलावरच्या दिव्याची निवड सुरू झाली. परवाच्या रविवारी बोलता बोलता विक्रमच्या फोनची बॅटरी संपत आली, म्हणून चार्जर आणायला तो फोन घेऊनच उठला आणि गॅरेजमध्ये शिरला. आमच्या भिंतभर पडद्यावर एक जाडजूड टेबल आलं. त्यावर घट्ट बसवलेला, पुंगळ्या भरायचा हिरवा प्रेस, शेजारी दांडीचा काटा, वर दिवा. "काका, पोहे!" मी एवढ्यानं ओरडलो की मृणालच्या हातून झारा पडला. काका मान खाली घालून चष्मा पुसत होते. सावकाश, दोन्ही काचा. चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत विक्रम आपल्या खोलीत परत आला होता.

"तर दिव्याचं म्हणत होतो मी," काका म्हणाले. "पिवळा नको. पांढरा बघ."

बालंबाल वाचलो, असं मला वाटलं.

संध्याकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. मी नेहमीसारखा गप्प बसलो. पातेल्यात आधण आलं. काकांनी साखरेचा चमचा भरला, सपाट केला, आत टाकला, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलायला लागले.

"प्रेस एकेकवालाच घेतलाय त्यानं. चार बोल्ट मारलेत टेबलाला, मी सांगितले तसे. चांगलं बसवलंय."

"म्हणजे आज सकाळी तुम्ही…"

"आज कुठलं? होळीच्या आधीच दिसला होता. एवढा मोठा टीव्ही तुमचा. त्याच्या मागचं दार उघडं राहिलं होतं." त्यांचा हात पुन्हा डब्यात गेला. "त्याला कळू देऊ नका. खरेदी संपली की काय बोलणार पोरगा माझ्याशी? जेवलात का, एवढंच ना?" चमचा सपाट झाला आणि पातेल्यात गेला.

मी पाहिलं. बोललो नाही.

त्यांनी चहा गाळला, समोर बसले, पहिला घोट घेतला आणि थांबले. कपात बघत राहिले.

"दोनदा पडली," ते म्हणाले.

आता ओतून देतील म्हणून मी माझा कप पुढे सरकवला. त्यांनी तो हातानं परत माझ्याकडे लोटला.

"असू दे, दिनेशराव. चहाच आहे."

मग तो गोडमिट्ट चहा आम्ही दोघांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. निघताना त्यांनी मला विचारलं, दिव्यानंतर विक्रमला आणखी काय काय लागेल.