चौथे खांड

लेखन हा माझा प्रांत नव्हे. पन्नाशी उलटल्यावर लेखणी हाती घेण्याचा हा आगाऊपणा वाचकांनी पोटात घालावा. परंतु राहुरीत आमच्या समोर राहणाऱ्या गंगाधरपंतांविषयी दुसरे कोणी लिहील, असे दिसत नाही.

पंत रोज सकाळी ओट्यावर बसून एका फ्रेंच शब्दाचे तुकडे करीत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून ते निवृत्त झालेले. रद्दीत मिळालेल्या वैद्यकीय कोशातून त्यांनी हे विशेषण उचलले होते: ‘एमीप्लेझिक’, म्हणजे अर्धांगवायू झालेला. “आरंभी ‘ह’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. केवढा हा संयम!” अडकित्त्याने सुपारीची चार खांडे करून ते पानाच्या डब्यावर मांडीत आणि एकेकावर बोट ठेवीत: ए, मी, प्ले, झिक.

“पंत, ह्यो कुठल्या देवाचा मंतर हाय?” दूधवाल्या धोंडिबाने एकदा विचारले.

“मंत्र नव्हे, विशेषण! म्हण, ए...”

“नगं पंत. घरी म्हस वळखायची न्हाई मला.”

“जीभ सैल सोड, जीभ!” पंत ओरडले. हीच आज्ञा मलाही होत असे. मी मागील दाराने कामावर जाऊ लागलो.

आत उंबऱ्याजवळच्या खुर्चीत पंतांच्या पत्नी मालतीवहिनी बसलेल्या असत. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांचे उजवे अंग आणि वाचा, दोन्ही गेली होती. एके दिवशी मी धीर करून म्हणालो, “पंत, वहिनींना आपली मराठीच शिकवावी. ‘पाणी’ म्हणता आलं तरी पुष्कळ.”

पंतांनी अडकित्ता खाली ठेवला. “‘पाणी’ म्हणायला जाते, जमत नाही, मग रडते हो. जन्मभर म्हटलेला शब्द तो. हा तिला कधीच येत नव्हता. मलाही धड येत नाही. चुकलो तर दोघंही चुकलो.”

त्यांनी चौथे खांड वहिनींच्या डाव्या तळहातावर ठेवले. “ए, मी, प्ले...” आणि थांबले. वहिनींचे ओठ हलले. आवाज उमटला नाही. अर्ध्या चेहऱ्याने त्या हसल्या मात्र.

“उद्या,” पंत म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. ते अक्षर त्यांच्या तोंडून आले नाही.

पंत अजून ओट्यावर बसतात. चौथे खांड रिकाम्या खुर्चीवर ठेवतात, तीन अक्षरे म्हणतात आणि वाट पाहतात. नंतर “उद्या” म्हणून आत जातात. ऐकून ऐकून ते शेवटचे अक्षर मला आता नीट येते. आमचे दार समोरच आहे.

वाचकहो, ते मी म्हणावे का?